कात्रीने कापलेल्या गोळ्या

कोटाची काजं मशीनवर केली की कोटाचा जीव जातो, असं काकींचं ठाम मत होतं. जगात ठाम म्हणावं असं त्यांचं मत हे एवढंच. बाकी कशालाही त्यांचं उत्तर ठरलेलं: चालेल. चहा गार झालाय, चालेल. पंखा जरा इकडे फिरवू का? चालेल. शिलाईच्या त्या कारखान्यात त्यांचं नावच चालेलकाकी पडलं होतं, आणि त्या नावालाही त्या चालेलच म्हणाल्या होत्या.

भीड भिकेची बहीण, असं म्हणतात. काकींची ती सख्खी मैत्रीण होती. एकाच संध्याकाळी दोन शेजारणींनी चहाला बोलावलं, तर त्या दोन्हीकडे कप रिकामा करून यायच्या. "आत्ताच घेतला" हे दोन शब्द काही तोंडातून निघायचे नाहीत. कुणी मायेने हात पुढे करावा आणि आपण तो मागे सारावा, या नुसत्या कल्पनेनेच त्यांना ओशाळल्यासारखं व्हायचं.

अशा बाईला ताप आला.

सकाळी ओवताना काकींचा दोरा तीनदा सुईच्या बाजूने गेला, ते समोरच्या टेबलावरच्या कटिंगवालीने पाहिलं. "काकी, डोळे बघा कसे झालेत! थांबा." तिने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली आणि गळ्यातल्या कात्रीने दोन गोळ्यांपुरता चौकोन कच्चकन कापून दिला. कारखान्याची रीतच ती. पाचही बायकांच्या गळ्यात कात्री, मग पट्टी फोडत कोण बसतं! नाव, प्रमाण, मुदत जे काय छापलेलं असेल ते पर्समधल्या पट्टीवरच राहायचं आणि घेणारीच्या हातात यायचा नुसता चंदेरी तुकडा.

काकींनी गोळ्या घेतल्या. ते कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉकवालीने पाहिलं. तिचा आणि कटिंगवालीचा एका बिघडलेल्या बाहीवरून अबोला होता, आणि कुठल्याही बाबतीत एकीने दुसरीच्या मागे राहायचं नाही असा दोघींचा नेम होता. दुपारी तिनेही कात्री चालवली. "काकी, या घ्या. जोरदार आहेत, तापाचं नाव राहणार नाही." हिची घेऊन तिची नाकारायची कशी? काकींनी त्याही घेतल्या. शेवटी मालकीणबाईंनी सर्दीतापाची पूड गरम पाण्यात ढवळून स्वतः आणून दिली. मालकीणबाईंना कोण नाही म्हणणार? रिकामे तुकडे चिंध्यांच्या टोपलीत गेले. ताप घामाघूम करून उतरला, संध्याकाळी परत आला, आणि दुसऱ्या दिवशी हेच सगळं पुन्हा झालं. प्रेमाला काही तोटा नव्हता.

घरी सून होती. लग्नाला थोडेच महिने झालेले, आणि काकींचा मुलगा लांबच्या पल्ल्याची गाडी चालवायचा, त्यामुळे घरात बहुतेक या दोघीच. सून गुणी होती, पण मुकी म्हणावी इतकी अबोल. 'आई' म्हणायची खरी, पण बँकेतल्या बाईंना 'मॅडम' म्हणावं तसं. हिला आपलं घर परकं वाटतंय, हे काकींना आतून सलत होतं. पण माया करायची तर ती कुठून सुरू करायची, हे दोघींनाही उमगत नव्हतं.

त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकी घरी येऊन खाटेवर टेकल्या, आणि सुनेने येऊन त्यांच्या कपाळाला हात लावला. पहिल्यांदा. हात गार होता. काकींचे डोळे एकदम भरून आले.

"केवढा ताप आहे, आई! सांगायचं नाही का?" ती चप्पल पायात सरकवून गेली आणि औषधांच्या दुकानातून पट्टी घेऊन आली. पेल्यात पाणी, तळव्यावर गोळी. "पॅरासिटामॉल आहे. दुकानदारांनी बजावलंय, आधी काय घेतलंय ते विचारल्याशिवाय द्यायची नाही. आज काही घेतलंत का?"

"नाही गं," काकी म्हणाल्या. सवयीने म्हणाल्या. आता कुठे दार किलकिलं झालंय, ते आपल्या हाताने का लावायचं?

गोळी त्यांच्या हातात आली. ओठांपर्यंत गेली. सून समोर उभी, चेहऱ्यावर धाकधूक, जणू तिची परीक्षाच चालली होती. आणि काकींच्या मनात आलं, आज हे माझ्या पोटात कितवं औषध? देव न करो, उद्या मला काही झालंच, तर ही पोर जन्मभर म्हणेल, माझ्या गोळीने गेली.

काकींनी गोळी खाली ठेवली. "मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या, आणि सगळं सांगून टाकलं.

सुनेचा चेहरा पडला नाही. तिने काकींचा फोन उचलला. कटिंगवालीला म्हणाली, "पट्टीच्या मागे बारीक अक्षरात औषधाचं नाव असेल ते वाचा. मोठं नाव नको, बारीक." मग ओव्हरलॉकवालीला, मग मालकीणबाईंना. तिघींनीही अडखळत एकच नाव वाचलं, पॅरासिटामॉल. कंपन्या वेगळ्या, वेष्टनं वेगळी, औषध एकच. तिने दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या. त्रास व्हायची वाट बघू नका."

"अगं, पण मला काही होत नाहीये," काकी रिक्षात सांगत होत्या.  सुनेने त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता.

डॉक्टरबाईंनी सगळं विचारलं, वजन केलं, रक्त काढलं. म्हणाल्या, "नेमाने घेतलं तर चांगलं औषध आहे. दिवसाची मर्यादा ओलांडली की लिव्हर खातं, आणि पहिला एक दिवस माणसाला कळतही नाही. 'मला काही होत नाही' म्हणून घरी बसणारेच उशिरा येतात." सुनेने एका कागदावर कधी काय घेतलं ते लिहून दिलं. सलाईनमधून उतारा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी रक्त पुन्हा तपासलं. डॉक्टरबाई हसत आल्या. लिव्हर शाबूत होतं.

त्या वळल्या, तशी सून स्टुलावरून उठली आणि भांडायलाच लागली.

"मला वाईट वाटेल म्हणून! सगळ्यांना वाईट वाटेल म्हणून! आणि तुम्ही गेला असतात, तर आम्हाला काय बरं वाटलं असतं? पुन्हा कुणी काही दिलं तर विचारायचं, यात काय आहे? घेतलं असेल तर सांगायचं, मी घेतलंय! कळलं का आई?"

शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बघायला लागली. काकी उशीवर पडून ऐकत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांना हसूही येत होतं. परक्या माणसावर असं कोण ओरडतं?

सुनेला ते हसू दिसलं, तशी ती आणखीच चिडली. "हसताय कसल्या?"

"ओरड गं बाई," काकी म्हणाल्या. "तुझे सासरे गेल्यापासून माझ्यावर कुणी ओरडलंच नाहीये."