पाचव्या मजल्यावरचं दार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, संस्थेतल्या मैत्रिणींना नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. कदाचित — जाऊ दे, सांगते.

गोष्ट एका दाराची आहे. संडासाच्या दाराची. नाक मुरडू नका. आमच्यासारख्यांचं निम्मं आयुष्य त्या दारापाशीच ठरतं — नोकरी धरायची की नाही, प्रवासाला निघायचं की नाही, लग्नाच्या पंगतीत दुसऱ्यांदा रसम घ्यायचं की नाही.

मी चेन्नईची. घराणं तंजावरकडचं, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहून घरात मराठी बोलणारं. आमची मराठी ऐकून पुण्याची माणसं गालात हसतात, हसू देत. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. तिशीपर्यंत कुबड्या, त्यानंतर चाकाची खुर्ची. स्वभाव मात्र पहिल्यापासून चौकस. अप्पा म्हणायचे, ही पोरगी देवळात गेली तरी देवाआधी उंबऱ्याची उंची बघते. खरंच बघते हो! कुणाच्या घरी गेले की आधी दारं न्याहाळते, मग माणसं. पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, पण मोजायची टेप असते. नको तिथे नाक खुपसायची ही खोड पुढे माझं कामच झाली.

म्हणजे कसं — अपंगांच्या हक्कांचा कायदा आला. इमारती सगळ्यांना वापरता आल्या पाहिजेत, असं त्यात आलं. पण त्या तपासणार कोण? आम्ही भांडलो की तपासायला आमच्यातलंच कुणीतरी हवं. दोन पायांवर तुरुतुरु चालणाऱ्याला रॅम्पचा चढ काय कळणार? या मागणीसाठी मी भर उन्हात रस्त्यावर बसले आहे, घसा बसेपर्यंत ओरडले आहे. मग आमच्या संस्थेला ते काम मिळालं आणि संस्थेनं ते मला दिलं. छापील तक्ता घेऊन इमारतीत जायचं, एकेक गोष्ट स्वतः वापरून बघायची, ठीक असली तरच समोरच्या चौकोनात खूण करायची. ‘स्वतः वापरून पाहिले’ हे शब्द तक्त्याच्या डोक्यावरच छापलेले आहेत. ते मीच हट्टानं घालायला लावले होते.

चेन्नईतच, शोळिंगनल्लूरला, एका सॉफ्टवेअर कंपनीची नवी इमारत तयार झाली होती. तिथे गेले. बरोबर चार पुरुष — आर्किटेक्ट, कंत्राटदार, इमारतीची देखभाल बघणारे साहेब आणि एक तरुण इंजिनिअर. चौघेही भले. मी रॅम्पचा चढ मोजला, लिफ्टच्या बटणांपर्यंत हात पुरतो का बघितलं, कँटीनच्या टेबलाखाली गुडघे सरकवून पाहिले. एका ठिकाणी अर्ध्या इंचाचा उंबरठा पकडला, तर आर्किटेक्टनं लगेच वहीत लिहून घेतला. कॉफी आली. ‘मॅडम, तुमची नजर फार बारीक आहे,’ असं साहेब म्हणाले आणि मी फुलून गेले. आवडत होतं मला ते सगळं, खोटं कशाला बोलू?

पाचव्या मजल्यावर खुर्चीचं चित्र लावलेला संडास होता. दार उघडं होतं. दाराची रुंदी मोजली — छान. आता आत जायचं, दार लावून घ्यायचं, खुर्ची वळवायची, खुर्चीवरून कमोडवर सरकून बघायचं. मला त्याला सात-आठ मिनिटं लागतात. बाहेर चार पुरुष उभे राहणार, आतली माझी खुडबुड ऐकत. साहेबांनी अगदी अदबीनं विचारलं, आतही बघणार का? तरुण इंजिनिअर आपल्या बुटांकडे बघायला लागला.

मी म्हणाले, “नको, इथूनच दिसतंय.”

संडासाचे सहा चौकोन होते. सहाही चौकोनांत खूण केली. खाली सही केली.

का केलं असं? मला खरोखर कुतूहल आहे. इतक्या वर्षांत या प्रश्नाला मी हरतऱ्हेनं उलटंपालटं करून पाहिलंय. लाज वाटली? पण मी तर बायकांच्या शिबिरात माइकवर लघवीपासून पाळीपर्यंत सगळं बोलते. घाई होती? नव्हती. दमले होते? छे. त्या कौतुकाला भुलले? थोडी भुलले असेन. एक गोष्ट मात्र नंतर लक्षात आली. त्या दिवशी सकाळपासून मी घोटभर पाणी प्यायले नव्हते, कॉफीसुद्धा नुसती ओठाला लावली होती. घराबाहेर पडायचं असलं की मी पाणी पीत नाही, शाळेपासूनची सवय. म्हणजे कुठल्याही परक्या इमारतीतला संडास आपण वापरू, हे माझ्याच मनात कधी नव्हतं. इतरांना मात्र सांगत फिरायचं — हक्क आहे तुमचा, मागा! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आता केतकी. इचलकरंजीची मुलगी, सव्वीस वर्षांची. स्कूटरला ट्रक घासून गेला, मणक्याला मार बसला आणि कंबरेखालचं सगळं गेलं. पण मोठी जिद्दीची. बिछान्यावर पडल्या पडल्या कोडिंग शिकली, आणि त्याच कंपनीत, त्याच इमारतीत तिला नोकरी लागली. आईवडील धास्तावलेले — अनोळखी गाव, अनोळखी भाषा. कुणीतरी सांगितलं की चेन्नईत एक मराठी बोलणारी बाई आहे, इमारती तपासते. केतकीनं मला फोन केला. बाकीचे लोक रॅम्प विचारतात, लिफ्ट विचारतात. तिनं एकच विचारलं.

“ताई, टॉयलेट कसं आहे तिथलं?”

हुशार होती पोरगी. मणक्याला मार लागलेल्यांना तिथे लघवी काढायला नळी लागते, हातमोजे लागतात, वेळ लागतो, आणि मुख्य म्हणजे बंद दार लागतं.

“मी स्वतः पाहिलंय,” मी म्हणाले. “निर्धास्त ये.”

ती आली. ऑफिसजवळच्या हॉस्टेलवर राहिली, कामात रुळली. दोनअडीच महिन्यांनी आईसाठी साडी घ्यायची म्हणून आम्ही टी. नगरला भेटलो. ऐन उन्हाळा. दुकानदारानं सरबत पुढे केलं, तिनं नको म्हटलं. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. पाण्याची बाटली मांडीवर, भरलेली, तशीच. मला ती बाटली बघूनच कळलं. मला नाही कळणार तर कुणाला कळणार?

मग तिनंच सांगितलं. दार आत उघडतं. खुर्ची आत घेतली की दार चाकांना अडतं, लागतच नाही. एकतर दार सताड उघडं टाकून बसायचं, नाहीतर जायचंच नाही. ती दिवसभर जात नव्हती. आणि पुढे काय म्हणाली माहिती आहे? म्हणाली, “तुम्ही तपासून गेल्यावर बदललं असेल ना त्यांनी?”

तिच्या मनात संशयाचा लवलेशही नव्हता. माझी सुटका तिनंच करून टाकली. सुंठीवाचून खोकला गेला.

“हो, नंतरच बदललं असणार,” मी म्हणाले.

आपण तक्रार करू या, ती म्हणाली. मी म्हटलं, तू नवीन आहेस, तू कुठे वाईट होतेस, मी बघते. आणि बघितलं नाही. तक्रार गेली असती तर त्यांनी पहिल्यांदा तो तक्ता काढला असता, माझ्या सहीचा. सगळ्या चेन्नईत पसरलं असतं, की ही बाई न बघता सह्या करते. माझ्या नावाला डाग लागू नये म्हणून मी दीड महिना गप्प राहिले. तिनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी सांगितलं की बोलणं चालू आहे. कुणाशीच चालू नव्हतं.

त्या दीड महिन्यात तिला ताप भरला. लघवीतला संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला. बारा दिवस ती हॉस्पिटलात होती. मी रोज जायचे, डबा न्यायचे. तिची आई माझा हात धरून म्हणायची, तुम्ही आहात म्हणून धीर आहे. मी हात सोडवून घेतला नाही. शेवटी वडील तिला गावी घेऊन गेले. नोकरी सुटली. त्या कंपनीत घरून काम चालत नव्हतं.

ती गेल्यावर मी फोन केला. पत्र नाही, तक्रार नाही, त्या देखभालीच्या साहेबांना साधा फोन. म्हटलं, पाचव्या मजल्यावरचं दार बाहेर उघडणारं करून घ्या. बरं मॅडम, म्हणाले. दुसऱ्या दिवशी सुतार आला, बिजागऱ्या फिरवल्या, जेवायच्या सुट्टीच्या आत काम आटोपलं. एक फोन आणि अर्धा दिवस. तो फोन मला साडीच्या दुकानातून करता आला असता, तिच्यासमोर बसून.

केतकी आता गावी बसून लहानसहान कामं करते. आणि गावातल्या इमारती मोजत हिंडते. टेप मीच तिला दिली होती, निघताना, स्टेशनवर. गेल्या दिवाळीत तिचा निरोप आला — तिथल्या नगरपालिकेच्या इमारतीत गेली, आत जाऊन दार लावून बघितलं, आणि नापास केली. ‘तुम्ही शिकवलंत तसं,’ असं खाली लिहिलं होतं. मी अंगठा पाठवला.

आतापर्यंत तुम्हाला वाटलं असेल की माझी चूक एवढीच — मी आत गेले नाही, म्हणून मला कळलं नाही. मीही कितीतरी दिवस स्वतःला हेच सांगत होते. पण मी कोण ते सांगितलं ना तुम्हाला? दार कुठल्या बाजूला उघडतं, हे मी माणसाच्या तोंडाआधी बघते. ते दार आत ढकलून भिंतीला टेकवलेलं होतं, मूठ बेसिनजवळ. त्या चौघांशी बोलताना माझे डोळे त्या बिजागरीवरच होते.

मला दिसलं होतं. सहा चौकोनांत खूण करताना माहीत होतं. आणि केतकीनं फोनवर विचारलं, ताई, टॉयलेट कसं आहे — तेव्हा मला तीच बिजागरी आठवली होती.