तिसरी मॅच आणि ग्वाल्हेरची यादी

आपण का हरलो, हा प्रश्न त्या आठवड्यात मी निदान वीस जणांना विचारला असेल. बारा वर्षांची होते आणि भोचक होते. आई म्हणायची, "हिला उत्तर दिलं तर दुसरा प्रश्न तयार, नाही दिलं तर ही पाठ सोडत नाही." खोटं नव्हतं ते. आजही कोणी मला 'जाऊ दे ना' म्हटलं की डोकं फिरतं माझं. का म्हणून जाऊ द्यायचं?

मध्यभारताचे दिवस होते. राज्य एक आणि राजधान्या दोन. उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. दसरा झाला की सरकार फायली, पेट्या, टाइपरायटर आणि कारकुनांसकट गाडीत बसून ग्वाल्हेरला निघायचं. आता सांगितलं तर नातवंडांना थट्टा वाटते. आमचे बाबा एका दफ्तरात हेडक्लार्क होते, सगळे त्यांना बडे बाबू म्हणायचे. कोणी कोणत्या तुकडीत जायचं याची यादी बाबा करायचे, आणि माझं अक्षर बरं म्हणून त्या यादीची स्वच्छ प्रत घरी मी करायची.

त्या दफ्तराची एक हॉकी टीम होती, आणि बाबा त्या टीमच्या मागे वेडे होते. स्वतः कधी स्टिक हातात धरली नाही, पण मॅचच्या दिवशी सकाळपासून जेवण जायचं नाही. टीमचा जीव होता मैदानाच्या मधोमध खेळणारा सेंटर हाफ. बाबांच्याच हाताखाली तो कच्च्या नोकरीवर कारकून होता. वय सव्वीस, घरी विधवा आई. त्याला एकच ध्यास होता, मध्यभारताच्या टीममध्ये निवड व्हावी. "एकदा तो कोट अंगावर चढू दे बडे बाबू, मग जन्मभर आवक-जावक लिहीन," असं म्हणायचा. त्या वर्षी निवड करणाऱ्यांपैकी कोणीतरी मॅच बघायला येणार अशी कुणकुण होती. कधी येणार ते कोणालाच माहीत नव्हतं.

मुकाबला महूच्या पलटणीशी होता. तीन मॅच, दोन जिंकेल त्याचा कप. पहिली रविवारी, दुसरी बुधवारी, तिसरी लागलीच तर पुढच्या रविवारी. यादीची प्रत करताना मी थबकले. पहिली तुकडी गुरुवारी निघणार होती, आणि त्यात सेंटर हाफचं नाव होतं.

"बाबा, हा गुरुवारी गेला तर तिसरी मॅच कोण खेळणार?"

"तिसरी होतेय कशाला?" बाबा एकदम उखडले. "दोनात खेळ खलास करू. पेट्या उचलायला तरणी माणसं पहिल्या तुकडीत लागतात. आणि तिसरीची सोय आत्तापासून करून ठेवायची म्हणजे एक हरणार असं आपणच म्हटल्यासारखं. अभद्र बोलू नकोस. लिही."

मी लिहिलं. नावाखाली रेघसुद्धा सुबक ओढली.

पहिली आपण दोन-एकनं जिंकलो. बाबा सराफ्यातून दोन पुडे मिठाई घेऊन आले. बुधवारी एका गोलनं हरलो. बाबा मैदानावरून तडक साहेबांच्या बंगल्यावर गेले, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. साहेब म्हणाले, "ऑर्डर निकल गई बडे बाबू. हॉकीसाठी काय सरकार थांबवायचं?" गुरुवारी सकाळी सेंटर हाफ आमच्या फायलींच्या पेट्यांबरोबर ग्वाल्हेरला गेला. बाबा स्टेशनवर गेले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले.

रविवारच्या मॅचला मी बाबांच्या शेजारी बाकावर बसले होते. अर्धी वेळ व्हायच्या आत महूवाल्यांनी दोन गोल घातले. मधोमध एवढी मोकळी जागा पडली होती की बैलगाडी गेली असती. आमच्या बाकावर एक वयस्क गृहस्थ येऊन बसले होते, हातात छत्री, डोक्यावर काळी टोपी. ते बाबांना म्हणाले, "आपका वो सेंटर हाफ नज़र नहीं आ रहा?"

"सरकारी काम से ग्वालियर गया है," बाबा म्हणाले.

गृहस्थ कपाळावर हात मारून हसले. "कमाल है! मैं ग्वालियर से ही आया हूँ. उसी को देखने आया था. परसों नाम देने हैं."

बाबांनी त्यांचा हातच धरला. "साहब, मेरी बात मानिए, लड़का हीरा है. आप नाम दे दीजिए."

"बिना देखे?" ते म्हणाले. दुसऱ्या हाफची बुली होऊन खेळ सुरू व्हायच्या आधी ते उठून गेले. बाबा उरलेली मॅच जमिनीकडे बघत बसले होते. आपण तीन-एकनं हरलो हेसुद्धा त्यांना मी सांगितलं.

मग सुरू झाली चौकशी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलवाल्याचं दुकान होतं, त्याच्या फळीवर रोज संध्याकाळी टीमचे सगळे भक्त जमायचे. मी पंक्चरच्या पाण्याच्या टबाशी उभी राहून ऐकायची. सायकलवाला म्हणायचा, "गोलकीपरनं दुपारी दाल-बाफले खाल्ले भिया! अरे, तुपातले चार बाफले पोटात असल्यावर माणूस वाकेल कसा?" शाळेतले एक मास्तर सगळं खापर अंपायरवर फोडायचे. एक वकील होते, ते म्हणायचे की पलटणवाले बूट घालून खेळले आणि आपले अर्धे जण अनवाणी, यातच सगळं आलं. मी गोलकीपरला जाऊन विचारून आले. तो म्हणाला, बाफले तीनच होते.

पण फिरून फिरून गाडी यायची एकाच स्टेशनावर. सेंटर हाफ असता तर!

"कोणत्या गाढवानं केली ती यादी?" मास्तर म्हणाले.

"हो ना," बाबा म्हणाले.

मला धक्काच बसला. आमचे बाबा दुसऱ्याची टाचणीसुद्धा घरी आणत नसत, आणि इथे मान खाली घालून 'हो ना'! घरी जाताना मी विचारलं, "तुम्ही सांगितलं का नाही?" वाड्याच्या दिंडी दरवाज्याशी आल्यावर बाबा म्हणाले, "त्या पोराला आधी सांगायचंय. मग या लोकांना. त्या पोराचं तोंड बघायची हिंमत नाहीये गं मला." मला बाबांची इतकी कीव आली, की पहिल्यांदाच मी पुढचा प्रश्न गिळला.

शुक्रवारी सकाळी तो दारातच उभा. स्वतःच्या आईला ग्वाल्हेरला न्यायला दोन दिवसांची रजा काढून आला होता, आणि बाबांना द्यायच्या पेट्यांच्या किल्ल्या घेऊन स्टेशनवरून थेट आमच्याकडे आला होता. गाडीच्या कोळशानं चेहरा काळा झाला होता. बाबा उभेच राहिले. किल्ल्या घ्यायला हात पुढे केला नाही.

"यादी मी केली होती," बाबा म्हणाले. "माझी चूक. दोनात निकाल लागेल असं धरून चाललो. तुझं नाव दुसऱ्या तुकडीत टाकता आलं असतं मला."

तो हसला. "ठाऊक आहे बडे बाबू. आठ दिवस ती यादी बोर्डावर लागली होती. कोणाची हरकत असेल तर अर्ज द्या असं खाली लिहिलेलं. मी दोनदा कागद घेऊन बसलो. पण अर्जात लिहू काय? आम्ही एक मॅच हरलो तर, असं? माझ्या हातानं? नाही लिहवलं."

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे दोघंही एकाच खुळाचे! मला हसू येत होतं आणि रडूही.

मग त्यानं विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, पण किल्ल्या मुठीत गच्च धरून. "कोणी आलं होतं का बघायला? माझ्याबद्दल काही विचारलं?"

बाबांनी आता किल्ल्यांसाठी हात पुढे केला. त्यानं माझ्याकडे बघितलं. "काय इन्स्पेक्टर? तुला तर सगळी खबर असते."

"कोणी नाही आलं," मी म्हटलं. "मी सगळीकडे बघितलं. एकसुद्धा नवा माणूस नव्हता."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. खोटं बोलले तर माझ्या कानाखाली वाजवणारे बाबा, एक शब्द बोलले नाहीत.

"हुश्श!" तो म्हणाला, आणि ओटीवर मांडी घालून बसला. "चार रात्री झोप नव्हती. वाटायचं, नेमका त्याच दिवशी आला असेल आणि मी पेट्यांवर नंबर टाकत बसलेलो. चला, म्हणजे अजून यायचाय. वहिनी, चहा टाका!"

त्या संध्याकाळी बाबांनी फळीवर सगळ्यांना सांगितलं की तो गाढव मीच. मास्तर चार दिवस बोलले नाहीत, पाचव्या दिवशी आपणहून घरी आले. ते सगळं निभावलं.

पुढच्या वर्षी राज्याच्या टीमची नावं आली तेव्हा त्यात तो नव्हता. त्याच्या पुढच्या वर्षीही नव्हता. छत्रीवाले गृहस्थ मला पुन्हा कधी दिसले नाहीत. पण सरकार इंदूरला परतलं की दर मॅच सुरू व्हायच्या आधी तो मैदानाच्या कडेनं माझ्यापाशी यायचा, स्टिकवर हात टेकून हळूच विचारायचा, "काय इन्स्पेक्टर, आज कोणी नवीन दिसतंय का?"

"बघते हं," मी म्हणायची. आणि खरंच बघायची, एकेक चेहरा, मॅच संपेपर्यंत.