भरल्या किटल्यांना वाट

भातशेती सरकारने घेतली तेव्हा वडिलांकडे दोन म्हशी आणि एक सायकल उरली. पावणे गावाहून वाशीच्या नव्या सोसायट्यांत ते दूध घालायचे. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना पितळी किटल्या आणि पाठीमागे कारखान्यांचे ट्रक, टँकर, कामगारांच्या बस. सायकलवाला म्हणजे रस्त्यावरची घाण, अशीच त्या ड्रायव्हरांची समजूत. त्यांनी हॉर्न दिला की आम्ही गटारात उतरायचं.

वडील उतरत नसत. शेताच्या बांधावर दोघे समोरासमोर आले की मोकळा माणूस खाली चिखलात उतरतो आणि ओझंवाल्याला वाट देतो, ही आमच्याकडची रीत. तीच त्यांनी डांबरावर आणली. मागे वळून बघायचे. ट्रक भरलेला असला तर स्वतःच बाजूला व्हायचे, रिकामा असला तर ढिम्म हलायचे नाहीत. दूध घालून परतताना मात्र सगळ्यांना वाट देत. मी कॉलेजात जाणारा, अतिशहाणा. या ड्रायव्हरांना बांध माहीत नाही, असं सांगून सांगून थकलो. ते म्हणायचे, तीही मानसंच हायेत ना.

एके सकाळी पाळीचे कामगार उतरवून निघालेल्या रिकाम्या बसने त्यांना उडवलं. उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. ड्रायव्हर बघ्यांना सांगत होता, म्हाताऱ्याने हॉर्न ऐकून ऐकलं नाही.

इस्पितळात हवालदार जबाब घ्यायला आला. त्याआधी मी वडिलांना बजावलं होतं, हॉर्न ऐकूच आला नाही म्हणा. ड्रायव्हर सुटणार की अडकणार, ते तेवढ्यावर होतं.

"आयकला ना," वडील ताठ मानेने म्हणाले. "पन भरल्या किटल्यांचा वजा माजेकरं व्हता. त्याची गारी रिकामी. बाजूला त्यानीच व्हवाला पायजे."

हवालदार हसला. लिहून घेतलं, अंगठा घेतला आणि केस तिथेच मेली. वडिलांना वाटलं, आपलं म्हणणं सरकारदरबारी मान्य झालं. त्यांना खरं सांगायची माझी छाती झाली नाही.

मग ते ड्रायव्हरची वाट बघू लागले. चुकलेला माणूस घरी येऊन चूक कबूल करतो, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. म्हशी विकल्या गेल्या. काठी टेकत ते रस्त्याच्या कडेला जाऊन बसत. तीच बस, तोच ड्रायव्हर. वडील दिसले की तो लांबूनच जोरात हॉर्न द्यायचा. मला दगड उचलावासा वाटायचा.

वडील हात वर करायचे.

"रामराम घालतंय," मला सांगायचे. "येल एक दिस घरी."