धडकबाई आणि तुळशीचं पान

आमच्या भूगोलाच्या बाई दर सोमवारी नखं तपासायच्या आणि वाढलेली दिसली की म्हणायच्या, "काप गं बाई, तेवढाच भारत उत्तरेला सरकलाय." आधी वाटलं, ह्यांचं डोकं ठिकाणावर नाही. मग कळलं, आपली जमीन खरंच साधारण नखांच्या वेगाने सरकते आणि आशियाला धडक देते. नव्वदच्या आसपासची गोष्ट. तेव्हापासून भाईंदरच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या धडकबाई झाल्या.

धडक शिकवायची त्यांची तऱ्हाच न्यारी. बाकं भिंतीला लावायची, दोन सतरंज्या समोरासमोर पसरायच्या आणि दोन्हीकडून मुलींनी ढकलायच्या. मधे घड्या उभ्या राहिल्या की बाई टाळ्या पिटायच्या. "झाला हिमालय. आता मधला समुद्र कुठे गेला ते सांगा." आम्ही हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडलेल्या, समुद्राचं कोणाला सुचतंय.

तो समुद्र दाखवायला बाईंनी एकदा कहरच केला. सासऱ्यांच्या देवघरातला शाळिग्राम जेवणाच्या डब्यात घालून आणला. सासरे भलतेच कर्मठ. शाळिग्रामाला बायकांनी शिवायचं नाही, हा घरचा नियम. सकाळी पूजा आटोपली की दिवसभर देवाकडे कोणी फिरकत नाही, असा बाईंचा अंदाज. पण त्या दिवशी बाई राहायच्या त्या शांती नगरात नळाला पाणीच नव्हतं. सासऱ्यांची आंघोळ राहिली, म्हणजे पूजाही राहिली, हे घाईत बाईंच्या ध्यानातच आलं नाही.

देव वर्गात हातोहात फिरला. नवघर गावातल्या मंगलने त्याच्यावरचं चक्र बोटाने चाचपलं. "बाई, यो तं शिंपला हाय."

बाईंनी तिला मिठीच मारली. "अगदी बरोबर. समुद्रातला जीव, गाळात दगड झाला आणि धडकेने डोंगरावर चढला."

तेवढ्यात दारात सासरे उभे. टँकर आला, आंघोळ झाली, बघतात तर देव नाही आणि बाईंची भाजी ओट्यावर. डब्यातून काय गेलं ते त्यांनी ओळखलं आणि रिक्षा करून थेट शाळेत आले. केस ओले, हातात तुळशीचं पान. "सूनबाई, देव कुठाय?"

बाई पांढऱ्याफटक पडल्या. आता घरी बाईंचं काय होणार, या विचाराने आमचीही पाचावर धारण बसली. मंगलने मात्र सरळ मूठ उघडली. "यो काय, बाबा. समुद्रातना आलाय."

आजोबा तिच्या हाताकडे बघत राहिले. "समुद्रातून? हा तर हिमालयातल्या नदीतला."

"दाखवू का, मामंजी?" बाई कशाबशा म्हणाल्या.

आम्ही जीव खाऊन सतरंज्या ढकलल्या. हिमालय नेमका आजोबांच्या पायावरच उठला. ते आधी दचकले, मग असे हसत सुटले की खालीच बसले. तुळशीचं पान त्यांनी मंगलच्या हातातल्याच देवावर ठेवलं. "एवढा चढून आलाय. पोरींच्या हातांनी काय बाटतोय."

पुढच्या वर्षी त्या धड्याला देव घेऊन तेच आले. आधी सगळ्यांची नखं तपासली, मगच हातात दिला.

आमच्या दहावीच्या निरोपाला आजोबा नव्हते. बाई सांगू लागल्या. "जाताना मामंजींनी ह्यांना सांगितलं, पूजा तू नको, सूनबाई करेल. देव कुठून आला ते तिला ठाऊक आहे." मग डोळे पुसून म्हणाल्या, "चला, नखं बघू."

आम्ही रडत होतो, तरी सगळ्यांनी हात पुढे केले.