मातीचा महापौर आणि आमचे साहेब

माईक चालूच असायचा. तरी साहेब त्याच्यावर टिचक्या मारायचे, फुंकर घालायचे आणि विचारायचे, "चालू हाय का?" मग "लई टाइम घेणार नाय, दोन मिन्टं," म्हणून जे सुरू व्हायचे, ते मागच्या रांगेतल्या बाया उठून स्वयंपाकाला जाईपर्यंत.

मी मुकुंदवाडीत कार्यक्रमांचं निवेदन करतो. सत्कार, वाढदिवस, उद्घाटन, जे असेल ते. त्यामुळे हे गृहस्थ माझ्या नशिबी आले. सगळे त्यांना नुसतं साहेब म्हणायचे, कारण नाव घेतलं की ते बोलायला उभे राहायचे. तुमच्याही वॉर्डात असा एक असेलच. पहिल्या रांगेत बसतो, पत्रिकेत नाव नसलं तरी येतो आणि शाल दुसऱ्याला देताना फोटोत स्वतः मधे येतो.

एके काळी साहेब नगरसेवक होते. महापौरपद आता त्यांच्याचकडे येणार अशी हवा झाली, तेव्हा त्यांनी बंद गळ्याचा कोट शिवून घेतला. आणि सोडतीत पद निघालं महिलांसाठी राखीव. पुढच्या निवडणुकीत वॉर्डही गेला. कोट तेवढा राहिला. मग मे महिना असो नाहीतर कुणाच्या बारशाचा मांडव, साहेब आपले मिशांना पीळ देऊन कोटात. घाम कानामागून खाली उतरतोय, पण बटण उघडायचं नाही.

स्टेजवर माझ्या कानाशी येऊन म्हणायचे, "एकदा महापौर म्हण की रे. भावी म्हण, माजी म्हण, काहीबी म्हण."

"माजी नगरसेवक म्हणतो, साहेब. तेवढं खरं आहे."

"तू लई कडू माणूस हायेस."

व्हय, आहेच. त्यांच्या काळात आमच्या गल्लीतला एक खड्डा बुजला नाही, आणि मी त्यांना महापौर म्हणू?

तर बजाजनगरच्या एका मुलीनं, कंपनी कामगाराच्या लेकीनं, मातीच्या बाहुल्यांची एक छोटी फिल्म केली. बाहुली इवलीशी हलवायची, फोटो काढायचा, परत हलवायची, असं घरातल्या एका खोलीत बसून. परदेशात बक्षीस मिळालं, तेव्हा आमच्या लोकांना तिची आठवण झाली. लगेच सत्कार ठरला. आधी फिल्म, मग शाल.

फिल्म मुकी आहे. एका शहराचा मातीचा महापौर खुर्चीत बसतो, हात हलवून पहिलं भाषण करतो. मग लोक येतात, दारातले खड्डे दाखवतात. तो आपल्याच अंगाची माती काढून देत जातो. आधी बोटं, मग हात, मग पोट. शेवटी खुर्चीवर नुसत्या मिशा उरतात. लोक त्या मिशांना हार घालतात आणि घरी जातात.

दिवे लागले. मी प्रतिक्रिया मागितल्या. कशाला मागितल्या देव जाणे! एक निवृत्त मास्तर म्हणाले, "संदेश चांगला आहे, पण एखादं गाणं पाहिजे होतं." एका बाईंनी विचारलं, "एवढी माती आणली कुठून गं?" एक कार्यकर्ता उठला, म्हणाला, हा शहराचा अपमान आहे. दुसरा म्हणाला, उलट आपल्या खड्ड्यांना परदेशात बक्षीस मिळालं, अभिमान बाळगा. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! ती पोरगी नुसती खाली बघत होती. मला एकेकाला धरून बाहेर काढावंसं वाटत होतं.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "मिशा तर साहेबांच्याच हायेत!" सगळा हॉल हसला.

साहेब उठले. मी म्हटलं, झालं, आता तमाशा. त्यांनी माझ्या हातातून माईक घेतला. टिचकी नाही, फुंकर नाही. मुलीकडे बघून म्हणाले, "बाळ, तो खुर्चीत बसतो ना, तेवढं परत दाखवती का?"

लोक फिदीफिदी हसायला लागले. मलाही किळस आली. एवढ्या सगळ्यातून ह्या माणसाला दिसली काय, तर खुर्ची!

मुलीनं पुन्हा लावलं. अंधार झाला. मातीचा महापौर खुर्चीत बसला, हात हलवायला लागला, आणि हॉलभर आवाज घुमला, "सन्माननीय सभागृह, आज या पदावर मला बसवून आपण जो विश्वास टाकला..."

साहेबांचे ओठ हलत होते. कोट शिवला तेव्हा पाठ केलेलं भाषण. मातीच्या माणसाकडे बघत ते पुटपुटत होते, आणि माईक छातीशी तसाच. चालू आहे हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. सांगू का तुम्हाला, भाषण चांगलं होतं. पाण्याबद्दल होतं, आमच्या रेल्वे स्टेशनच्या रस्त्याबद्दल होतं. आणि खरोखर दोनच मिनिटांचं होतं. दिवे लागल्यावर साहेबांनी माईक माझ्या हातात दिला आणि विचारलं, "ऐकू गेलं का काय?"

"नाही साहेब," मी म्हटलं. "बंद होता."

त्यानंतर ते कार्यक्रमांना फारसे दिसले नाहीत. थंडी सरता सरता गेले. शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. तेच मास्तर, तोच कार्यकर्ता, तेच सगळे बोलले. जिवंतपणी ज्याच्यावर हसले, त्याला आता आधारवड म्हणत होते, निर्लज्ज कुठले! बजाजनगरची मुलगी तिचा मातीचा महापौर पुन्हा घडवून घेऊन आली होती. तिनं तो फोटोशेजारी ठेवला, खुर्चीसकट.

शेवटी श्रद्धांजलीसाठी नाव घ्यायची पाळी माझी. साहेब महापौर नव्हते. नीट नगरसेवकसुद्धा नव्हते, हे माझं मत आजही तेच आहे. पण मी माईक तोंडाशी धरला आणि म्हणालो, "आपल्या शहराचे महापौर," आणि मग त्यांचं पूर्ण नाव घेतलं.

नाव घेतल्यावर सवयीनं माझा हात माईकसकट पहिल्या रांगेकडे पुढं गेला. कुणी उठलं नाही.