परीक्षितमामाचा हुकमी किस्सा

सत्काराची शाल अजून खांद्यावरच होती, तोवर पोरांनी गलका केला, "परीक्षितमामा, किस्सा! किस्सा!"

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या भीमजयंतीला दरवर्षी हे ठरलेलंच. वंदना झाली, भाषणं झाली, की अतुलकाका माइक घेऊन गरजायचे, "आता आपला हिरा! चार वर्षं एनएफएल खेळलेला, आपल्या भानुदासभाऊंचा परीक्षित!" मग छत्तीस वर्षांचा, दाराएवढ्या खांद्यांचा परीक्षित मेश्राम लाजत लाजत उठायचा. एरवी तो गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात तपासनीस. तडा गेलेला पार्ट उचलून बाजूला ठेवायचा, एवढंच काम. पण एप्रिलमधला हा एक दिवस त्याचा असायचा.

अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळायचा काय? तर लाँग स्नॅपर. टीममधला बिनचेहऱ्याचा माणूस. कमरेत वाकायचं, मुंडी खाली घालायची आणि दोन पायांमधून बॉल असा मागं फेकायचा की पंधरा यार्डांवर उभा असलेला किक मारणारा गडी तो अलगद झेलेल. मान वर करेपर्यंत समोरचा रेडा अंगावर आलेलाच. त्याची आई, शैलजा, नागपूरला बहिणीला फोनवर सांगायची, "दिसला नं व टीव्हीवर! तोंड नाही दिसलं, बाकी सगळं दिसलं."

वडील भानुदास मोटार कंपनीत इंजिनिअर. त्यांचा आधी भडका उडाला होता. "आमची मान वर व्हायला किती पिढ्या गेल्या, अन् तू वाकायचे पैसे घेणार?" पण पहिल्या मॅचला टीमची टोपी घालून स्टेडियमात सगळ्यांच्या आधी हजर कोण, तर तेच.

परीक्षितनं माइक धरला. "तर ऐका. सीझन सुरू व्हायच्या आधी डॉक्टर कॉम्प्युटरवर एक टेस्ट घेतात. शब्द लक्षात ठेवा, आकार ओळखा. तुमचं डोकं एरवी किती चालतं, ते नोंदवून ठेवतात. पुढे डोक्याला मार बसला की तीच टेस्ट परत. मार्क घसरले तर बसा बाहेर. मग मी काय करायचो?"

"मुद्दाम नापास!" पोरं ओरडली. त्यांना पाठ होतं.

"पहिल्याच फेरीत नापास! मग पुढे घसरायला मार्क उरतातच कुठं? डॉक्टर विचारायचे, 'सन, आर यू ओके?' मी म्हणायचो, 'सर, माल एवढाच आहे!'"

हॉल हसून हसून लोळला. शैलजानं डोळ्यांना पदर लावला. भानुदासांनी शेजारच्याला कोपरानं ढोसलं, बघा आमचा पोरगा!

जेवणाच्या रांगेत त्याची भाची त्याच्या मागं येऊन उभी राहिली. शिवांगी, सोळा वर्षांची, त्याच्या प्रणिताताईची एकुलती एक. शाळेच्या सॉकर टीमची गोलकीपर.

"हॉलमध्ये गॉगल कशाला गं, हिरॉइन?"

"लाइट्स आर सो ब्राइट, मामा." तिनं आजूबाजूला पाहिलं आणि त्याच्या कानाशी आली. "तुझी ट्रिक वर्क झाली."

"कुठली ट्रिक?"

"द टेस्ट! मार्चमध्ये मी मुद्दाम फ्लंक केली. बुधवारी गोलपोस्टवर डोकं आपटलं, अँड काल आय पास्ड! मंडेला खेळतेय. डोन्ट टेल मॉम, ओके?"

त्यानं तिच्या ताटाकडे पाहिलं. भातावर वरण घेऊन झालं होतं. तिनं पळी उचलून पुन्हा वाढलं, वर पाणीही तिथंच ओतणार होती. त्यानं ग्लास धरला.

आठ वर्षांपूर्वीची ती मॅच त्याला आठवली. तिसऱ्या क्वार्टरमध्ये हेल्मेटवर हेल्मेट आदळलं होतं. बाजूला नेऊन टेस्ट घेतली, तो पास झाला. चौथ्या क्वार्टरमध्ये वाकला तेव्हा मागं किक मारायला उभा असलेला टायलर पायांमधून त्याला एकाचे दोन दिसत होता. त्यानं बॉल फेकला तो दोघांच्याही डोक्यावरून गेला. खरा टायलर बॉलवर झेपावला, त्याच्यावर तिघे पडले. गुडघा मोडल्याचा आवाज परीक्षितला तेवढ्या गोंगाटातही ऐकू आला होता. टायलर पुन्हा खेळला नाही. पत्रकारांनी विचारलं, तेव्हा परीक्षित म्हणाला, "बॉल ओला होता." आणि हॉस्पिटलमधून टायलरचा मेसेज आला होता: 'ओला बॉल, यार. तुझी चूक नाही.' त्याला उत्तर आजवर दिलेलं नव्हतं.

त्याच टेस्टचा त्यानं किस्सा केला होता. दरवर्षी, शाल पांघरून.

प्रणिता गुलाबजामांपाशी उभी होती.

"ताई, शिवांगीला सोमवारी खेळू देऊ नको."

"मामा, डोन्ट!" शिवांगी मागून धावत आली.

"बुधवारी तिच्या डोक्याला मार लागलाय. आत्ता डॉक्टरकडे ने."

"अरे, पण काल तर टेस्ट पास झाली म्हणाली!"

"ती टेस्ट खोटी आहे."

"खोटी कशी असेल?"

"माझी होती तशी."

प्रणिता अर्धवट हसली. "काहीतरीच. तो तर तुझा जोक आहे ना?"

"जोक नाही, ताई. मला दोन-दोन दिसत होते, तरी मी मैदानात गेलो. टायलरचा गुडघा माझ्यामुळे गेला. आणि हिला हे मी शिकवलं. माइकवरून."

प्रणितानं लेकीचा गॉगल काढला. शिवांगीनं डोळे गच्च मिटून घेतले. प्रणिता फार्मसिस्ट, तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिनं हातातली वाटी टेबलावर ठेवली, लेकीचा दंड धरला आणि पार्किंगकडे निघाली.

दारातून शिवांगी वळली. "आय ट्रस्टेड यू!"

सगळा हॉल बघत होता. परीक्षितनं शाल काढली, घडी केली, पण ती द्यायची कुणाला हे कळेना. मागं भानुदास उभे होते, हातात ताट. त्यांनी किती ऐकलं, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. आठ वर्षं जो भेटेल त्याला तेच सांगायचे: पाऊस होता हो, बॉल ओला होता, पोराचा काय दोष!

"बाबा, बॉल ओला..."

"माहीत आहे." भानुदासांनी ताट खाली ठेवलं. "पाऊस हाफटाइमलाच थांबला होता. मी होतो ना तिथं."