वाहरूचा क्लॅरिनेट

सारंगखेड्याच्या तापीबाईनं शहाद्याचा बँड पहिल्यांदा ऐकला एक्कावन्न साली, चुलत दिराच्या लग्नात. लाल कोट घातलेली अकरा माणसं वाजवत होती, पण तिच्या कानांनी एकालाच धरलं. क्लॅरिनेट वाजवणारा वाहरू. पोरीच्या पाठवणीला तो एक सूर लांबवत न्यायचा, मध्येच थांबायचा आणि मग तोच सूर हळूच पुन्हा उचलायचा. त्या थांबण्यात तापीबाईचा जीव अडकून राहायचा.

गुजर शेतकऱ्याच्या घरातली बाई ती. बँडमागे गावोगाव फिरणं पुरुषांचं काम. पण वैशाखात आसपास कुठंही लग्न निघालं की बाजा कोणाचा, हे ती आधी विचारायची. शहाद्याचा असला तर दूरच्या नात्यातल्या लग्नालाही जायची. बायका रुखवत बघत बसायच्या, ही मांडवाच्या खांबाला टेकून ऐकायची. अठ्ठावन्न साली तिची स्वतःची लेक प्रमिला सासरी निघाली. तापीबाई धाय मोकलून रडली. त्यातलं अर्धं रडू वाहरूच्या सुरासाठी होतं, हे तिनं कोणाला सांगितलं नाही. मनात मात्र तिला त्याची लाज वाटत राहिली.

पासष्ट साली कळसाडीच्या लग्नात बँड आला, पण क्लॅरिनेट नव्हता. जेवणं आटोपल्यावर तिनं ढोलवाल्या गोवालला गाठलं.

"वाहरूदादा कोठे शे?"

"घर शे, माय. छातीनं दुखनं शे. डाक्टरनी वाजाडानं बंद करी टाकं."

दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला गाडी जुंपायला सांगितली. शांतीलालनं तिच्याकडे बघितलं.

"तो आपला कोन लागस?"

"कोनीच नही. पन माले जावानं शे."

शांतीलाल बराच वेळ गोठ्यात उभा राहिला. मग त्यानं बैल सोडून आणले. शहाद्यात बँडवाल्यांच्या वस्तीत तो लिंबाखाली थांबला आणि तापीबाई एकटी आत गेली.

वाहरू खाटेवर उशीला टेकून बसला होता. हाडांवर कातडी उरलेली. तो तिला ओळखत नव्हता. ओळखणार कसा? चौदा वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोललेली नव्हती.

"मी सारंगखेडानी तापीबाई. तुमना बाजा ऐकस," ती म्हणाली. पुढं काय बोलावं ते तिला सुचेना. मग तिनं त्या थांबण्याचं सांगितलं. पाठवणीचा सूर, मधली ती जागा, तिथं अडकणारा जीव.

वाहरू खोकला, आणि खोकत खोकतच हसला. "माय, ती कारागिरी नव्हती. तठे मन्हा दम तुटे. पयलापाईनच छाती अशी शे."

इतकी वर्षं तापीबाई ज्या जागेची वाट पाहत आली, ती या माणसाच्या दुखण्याची होती. तिचे डोळे भरून आले.

"काय बी व्हवो, दादा," ती म्हणाली, "मन्हासाठी तेच गानं व्हतं."

वाहरूनं मान खाली घातली. लग्नात लोक नाचतात, जेवतात, उठून जातात. असं कोणी ऐकत असेल हे त्याच्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं. तो म्हणाला, "आखो सांगा."

मग ती आणखी सांगत गेली. रनाळ्याच्या लग्नात मिरवणूक वेशीत अडली आणि तो एकटाच वाजवत राहिला, ते. प्रमिलाच्या पाठवणीचं, तिच्या लाजेसकट. वाहरूच्या बायकोनं चहा आणला, तोही तसाच निवला. उन्हं कलली तेव्हा ती उठली. वाहरूनं दोन्ही हात जोडले, तिनंही जोडले.

आषाढात वाहरू गेला. शांतीलालला बाजारात कळलं. तो कोणाकरवी निरोप न पाठवता स्वतः घरी आला. तापीबाई डाळ निवडत होती. त्यानं सांगितलं, तसं तिनं सूप खाली ठेवलं आणि ओट्यावर जाऊन बसली. शांतीलालही तिच्याजवळ बसला. त्या दिवशी स्वयंपाक सुनेनं केला.